चौसष्ट ठोके: लांब पल्ल्याच्या घोडेस्वारीमागचा खान्देश

सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्याचा सौदा होताना उभं राहून बघावं. मार्गशीर्ष पौर्णिमेला दत्तजयंती, तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा आणि शेजारी घोड्यांचा बाजार. गिऱ्हाईक आधी अंगावरचे केसांचे भोवरे तपासतं, मग रंग. पांढरा नुकरा का ठिपकेदार-चट्टेदार अबलख? पंचकल्याण, म्हणजे चारी पाय आणि तोंड पांढरं, असला तर भाव चढलाच. मग कान, मान, उंची. शेवटी मालक रेवाल, म्हणजे स्वाराला हिसका न देणारी जलद चाल काढून दाखवतो. एवढ्या पाहणीत घोड्याच्या छातीचे ठोके मात्र कोणी मोजत नाही. लांब पल्ल्याच्या शर्यतीत, ज्याला सगळे एन्ड्युरन्स म्हणतात, आधी तेच मोजतात.

ठोके मोजायचा हा नियम ठेच लागून आला. १८९२ मध्ये जर्मन आणि ऑस्ट्रियन लष्करी अधिकाऱ्यांनी बर्लिन आणि व्हिएन्ना या शहरांदरम्यान शर्यत लावली. अंतर पावणेसहाशे किलोमीटरच्या आसपास, आणि जिंकणारा साधारण एकाहत्तर तासांत पोचला. त्यात अनेक घोडे दगावले. पुढे १९५५ मध्ये कॅलिफोर्नियात वेंडेल रॉबी यांनी एका दिवसात शंभर मैलांची टेव्हिस कप शर्यत सुरू केली आणि तिथून या खेळाला आजचं रूप येत गेलं. टप्प्याटप्प्यावर पशुवैद्य घोडा तपासणार, त्यांनी नाही म्हटलं की स्वार तिथेच थांबणार. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने १९७८ मध्ये या खेळाला मान्यता दिली आणि १९८६ मध्ये इटलीत पहिली जागतिक स्पर्धा झाली. २०२३ मध्ये फ्रान्समध्ये तरुण स्वारांच्या जागतिक स्पर्धेत केरळच्या निदा अंजुम चेलाटने १२० किलोमीटर पूर्ण केले. असं करणारी ती पहिली भारतीय.

पण घोडा राखून अंतर कापायचं हे आपल्याकडे कोणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नव्हती. मराठी फौजेत शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येई, बारगिराला सरकारी पागेतला घोडा मिळे. शिलेदाराचा घोडा मेला म्हणजे घरची पुंजी गेली. तो घोडा उगाच चौखूर उधळत नसे. १७२८ च्या पालखेडच्या मोहिमेत बाजीरावांनी बुऱ्हाणपूरला धोका असल्याचं भासवलं, खान्देशातून गुजरातेत उतरले आणि निजाम पुण्याकडे वळल्यावर परत फिरले. पाठलागासाठी निजामाला जड तोफखाना मागे सोडावा लागला, आणि पालखेडला त्याचं पाणी तोडलं गेलं. ही मोहीम आपण वेगाची म्हणून सांगतो. मला ती रोजच्या चालीची वाटते. एका दिवसाच्या दौडीने एवढा मुलूख पालथा घालता येत नाही. दुसऱ्या दिवशी तोच घोडा पुन्हा उभा राहावा लागतो.

दुसरी गोष्ट विश्रांतीची. दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघालेली फौज पावसाळ्यात छावणीला बसे. चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदारांना, म्हणजे घोडदळातल्या अंमलदारांना, शिवाजी महाराजांनी लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. दाणावैरण बेताने वापरा, नाहीतर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असं होईल, असा त्यातला इशारा. घोड्याची जबाबदारी घोड्यावर न टाकता माणसावर टाकणारं असं पत्र मी दुसरं वाचलेलं नाही.

१८६० च्या दशकात रेल्वे भुसावळला पोचली, पुढे सडका झाल्या, मोटारी आल्या, आणि घोड्याचं अंतर कापायचं काम संपलं. राहिली वरात आणि यात्रा. बाजारातली पारखही तशीच झाली: नाच, रंग, भोवरा. म्हणून आज खान्देशात कोणी मारवाडी किंवा काठेवाडी घोडा घेऊन लांब पल्ल्याची तयारी करू म्हणाला, तर त्याला पायापासून सुरुवात करावी लागते.

इथेच बहुतेक जण फसतात. घोड्याचं हृदय आणि दम काही आठवड्यांतच सुधारतो. कंडरा आणि अस्थिबंधांना महिने लागतात, हाडांना त्याहून जास्त. दोन महिन्यांत घोडा इतका जोमात येतो की लगाम ओढून धरावा लागतो, पण पाय अजून कच्चे असतात. म्हणून सुरुवातीला नुसती कदम चाल, मग थोडी थोडी दुडकी, आणि अंतर व वेग एकाच आठवड्यात वाढवायचे नाहीत. डांबरी सडक टाळायची, काळ्या रानात ओल असताना जायचं नाही. एप्रिल-मे मध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा उजाडायच्या आत निघून ऊन चढण्याआधी परतायचं. घोड्याच्या घामातून मीठ माणसापेक्षा जास्त जातं, ते दाण्यातून भरून काढायचं.

मी नाडी जबड्याच्या खाली बघतो. हाडाच्या कडेवरून शीर जाते, तिच्यावर तीन बोटं हलकी टेकवायची, अंगठा नाही. स्पर्धेत ठरलेल्या मिनिटांत ठोके ६४ पर्यंत उतरावे लागतात, म्हणजे पंधरा सेकंदांत सोळा. परवा तापीच्या काठावर घोडीचा तंग, म्हणजे खोगिराचा पोटपट्टा, सैल केला, मानेवर पाणी ओतलं आणि घड्याळ लावलं. एकोणीस. तिला सावलीत हळूहळू चालवलं. सतरा. पुन्हा थांबलो. तिने मान खाली घातली, एक लांब फुरफुर केली. पंधरा. मग तोंडाला चंदीचा तोबरा चढवला.