हायडॅटिड गाठ पुन्हा का उद्भवते? यकृतावरील एका शस्त्रक्रियेची पार्श्वभूमी

यकृतातली हायडॅटिड गाठ, म्हणजे जंतामुळे होणारी पाण्याची गाठ, काढून काही वर्षं झालेली असतात आणि सोनोग्राफीत ती पुन्हा दिसते. घरच्यांचा पहिला संशय सर्जनवर जातो. पण या आजाराच्या शस्त्रक्रियेचा इतिहास पाहिला, तर गाठीतलं पाणी पोटात सांडू नये यासाठीच सर्जनांच्या पिढ्यांनी किती धडपड केली ते कळतं.

एकायनोकॉकस हा काही मिलिमीटर लांबीचा पट्टकृमी कुत्र्याच्या आतड्यात राहतो. विष्ठेतून पडलेली त्याची अंडी शेळ्यामेंढ्यांच्या पोटात गेली की त्यांच्या यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याच्या गाठी वाढतात. कुत्र्याने तो अवयव खाल्ला की चक्र पुन्हा सुरू. माणूस त्यात चुकून सापडतो. ‘पाण्याने भरलेलं यकृत’ फुटून रोगी दगावतो, हे हिपोक्रेटिसच्या ग्रंथांतही आहे. कुत्र्याशी असलेला संबंध मात्र १८५०च्या दशकात उलगडला, जेव्हा जर्मनीत फॉन सीबोल्ड यांनी अशा गाठी कुत्र्यांना खाऊ घालून त्यांच्या आतड्यात जंत वाढवून दाखवले.

त्या काळी पोट उघडणं जिवावरचं होतं. फ्रान्सच्या रेकामिए यांच्या पद्धतीत गाठीवरची कातडी दाहक लेपाने थोडीथोडी जाळत नेत. त्या दाहाने गाठ पोटाच्या भिंतीला चिकटली की मगच ती फोडत. रोग्याचे हाल होत, पण पाणी पोटात न पडता बाहेर येई. हायडॅटिडने गांजलेल्या आइसलँडमध्ये डॉ. योन फिन्सेन हीच पद्धत वापरत. पुढे गाठ उघडून तिच्या कडा कातडीला शिवायला सुरुवात झाली. ती जखम कित्येक महिने वाहत राही.

सांडलेलं पाणी इतकं घातक का, हे फ्रेंच डॉक्टर फेलिक्स देवे यांनी १९०१मध्ये दाखवून दिलं. पाण्यात तरंगणाऱ्या कृमीच्या सूक्ष्म डोक्यांपैकी प्रत्येकात नवी गाठ होण्याची क्षमता असते. माझ्या मते या विषयातला सर्वांत मोलाचा शोध हाच.

त्यानंतर गाठ उघडण्याआधी ही डोकी मारण्यासाठी आत फॉर्मॅलिन सोडू लागले. पण गाठीचं तोंड पित्तनलिकेत उघडत असेल, तर ते नलिका जाळून कायमची इजा करी. १९७१मध्ये इराणच्या फर्रुख सईदी यांनी वेगळी वाट काढली. गोठवलेला धातूचा शंकू गाठीच्या भिंतीवर ठेवला की तो तिथेच घट्ट चिकटे. मग त्या शंकूच्या आतच गाठ उघडून सिल्व्हर नायट्रेटने धुवायची. आजही सर्जन गाठीभोवती तीव्र मिठाच्या पाण्यात भिजवलेले मॉप रचतात, ते याच धास्तीने.

नुसती पोकळी रिकामी करायची की बाहेरच्या कवचासकट गाठ काढायची, हा वाद जुना आहे. कवच राहिलं तर त्यात दडलेली पिल्लू गाठ (मूळ गाठीतून निपजलेली छोटी गाठ) वाढू शकते. ते काढायला जावं, तर रक्तस्राव आणि पित्तगळतीचा धोका वाढतो.

अल्बेंडॅझोल हे जंतनाशक औषध आल्यावर चित्र बदललं. ट्युनिशियात १९८०च्या दशकात सुईने गाठीतलं पाणी काढून, आत जंत मारणारं द्रावण सोडून ते परत ओढून घ्यायची पद्धत रुळली. श्रीनगरच्या डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांनी १९९७मध्ये ५० रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. अल्बेंडॅझोलसह सुईने उपचार केलेल्यांचा रुग्णालयातला मुक्काम शस्त्रक्रिया झालेल्यांपेक्षा बराच कमी होता. प्रत्येक गाठीला मात्र हा उपाय चालत नाही. पिल्लू गाठींनी भरलेल्या गाठींना बऱ्याचदा शस्त्रक्रियाच लागते, तर निष्क्रिय, कॅल्शियम साठलेल्या गाठींवर नुसती नजर ठेवली तरी पुरतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते उपचारांनंतर सरासरी ६.५ टक्के रुग्णांत आजार उलटतो आणि त्याला वर्षं लागू शकतात. त्यामुळे टाके काढले की संपलं, असं समजून सोनोग्राफी सोडू नये.

शिवाय पुन्हा दिसलेली गाठ नव्या संसर्गाचीही असू शकते. डेन्मार्कचे हाराल्ड क्राब्बे यांनी १८६३मध्ये आइसलँडमध्ये पाहणी केली, पुस्तिका लिहून घरोघरी माहिती पोचवली आणि तिथे कुत्र्यांवर नियंत्रण ठेवणारे कायदे झाले. काही दशकांत तिथला हा आजार जवळजवळ संपला. आपल्याकडे उघड्यावर जनावर कापून आतडी-काळीज कुत्र्यांपुढे टाकणं थांबलेलं नाही. महाराष्ट्रातल्या रुग्णालयांतही हायडॅटिडचे रुग्ण येतच आहेत.