थंडीत ग्रुपनं येताय? गरम पाण्याचं आधी ठरवा

डिसेंबर-जानेवारीत आमच्या नागपूरच्या हॉस्टेलवर मुक्कामी येणाऱ्या मित्रमंडळींचा सकाळी सातला एकच प्रश्न असतो, 'गीझर बंद पडला का?' गीझर चालू असतो, पाणी संपलेलं असतं. सातला निघायचं ठरवलेल्या आठ जणांना साडेनऊ का वाजतात, ते इथे लिहून ठेवलं आहे. आल्या दिवशीच वाचा, दुसऱ्या दिवशी सकाळी वाचून उपयोग नाही.

प्रत्येक मजल्यावर दोन बाथरूम आहेत आणि प्रत्येकीत २५ लिटरचा, २ किलोवॅटचा गीझर. या दिवसांत पहाटे नळाचं पाणी १५ अंशांच्या आसपास असतं. ते ६० अंशांपर्यंत तापायला सुमारे ४० मिनिटं लागतात. अंगावर घ्यायला ४० अंशांचं पाणी पुरतं. म्हणजे १५ लिटरच्या बादलीत साडेसहा लिटर गार आणि साडेआठ लिटर कढत. या हिशेबानं एका गीझरमध्ये तीन आंघोळी होतात, दोन्ही बाथरूम मिळून सहा. उरलेल्या दोघांनी ४० मिनिटं थांबायचं.

हे बादलीचं झालं. शॉवरमधून मिनिटाला आठ लिटर पाणी जातं, त्यामुळे साडेपाच मिनिटांत अख्खा गीझर रिकामा होतो. शॉवर घेतला तर एका बाथरूममध्ये चार जणांच्या मधे तीनदा ४० मिनिटांची वाट पाहावी लागते, म्हणजे दोन तास नुसते बसून. रामटेकला निघालेल्या ग्रुपची सकाळ अशीच हॉस्टेलच्या गॅलरीत जाते.

म्हणून थंडीत सकाळी ६ ते ९ आम्ही शॉवर बंद ठेवतो आणि बादली-मग देतो. यावर कुरकुर होते, हे आम्हाला माहीत आहे. शॉवर हवाच असेल तर दहानंतर खुशाल घ्या. पाणी लगेच तापवणारा इन्स्टंट गीझर का बसवत नाही, असंही विचारतात. इन्स्टंट गीझर ३ किलोवॅटचा घेतला तरी थंडीत मिनिटाला जेमतेम दोन लिटर गरम पाणी देतो, बादली भरायला सात-आठ मिनिटं लागतात. त्याहून मोठ्याला वायरिंग आणि मंजूर लोड, दोन्ही वाढवावं लागतं आणि तो खर्च शेवटी बेडच्या भाड्यात येतो.

विसणाचा क्रमही सांभाळा. आधी गार पाणी, बादलीच्या अर्ध्याला थोडं कमी. मग गरम नळ. बरेच जण उलटं करतात. बादली कढत पाण्यानं भरतात, हात पोळतो, मग अर्धं ओतून देऊन गार घालतात. त्या ओतलेल्या पाण्यात पुढच्याची आंघोळ झाली असती. आंघोळ झाल्यावर गीझरचं बटण बंद करू नका. काळजीनं केलेलं असतं, पण पुढचा माणूस गार पाण्याखाली उभा राहतो. पाणी तापलं की लाल दिवा आपोआप विझतो.

आमचा माणूस सव्वापाचला गीझर लावतो. सहा जणांनी ६ ते साडेसहात उरकून घ्यावं, राहिलेल्यांनी सव्वासातनंतर जावं. कोण केव्हा, ते आदल्या रात्री ठरवा. रात्री सावजी रस्सा हाणला असेल तर सकाळी प्रत्येकी दहा मिनिटं जास्तीची धरा.

सगळ्यांत सोपा उपाय म्हणजे संध्याकाळी आंघोळ. गच्चीवर सोलर आहे. नागपूरचं थंडीतलं ऊन चांगलं असतं, त्यामुळे ५ ते ९ या वेळात पाणी भरपूर आणि कढत मिळतं. सकाळी सोलर का चालत नाही? रात्री जेवढं गरम पाणी वापरलं जातं तेवढंच गार पाणी टाकीत शिरतं आणि पहाटे ऊन नसतं, एवढंच कारण. पेंचच्या सकाळच्या सफारीला पहाटे चारला निघणाऱ्यांनी तर रात्रीच आंघोळ करावी. उघड्या जिप्सीत ओले केस घेऊन बसलात तर कुडकुडाल. कानटोपी आणि हातमोजे घ्या, बुकिंगमध्ये दिलेलं ओळखपत्र मूळ प्रत बरोबर ठेवा, आणि आमची ब्लँकेटं जिप्सीत नेऊ नका.

पाणी तापवायचा रॉड आणूच नका. बेडजवळचे सॉकेट ६ अँपिअरचे आहेत, मोबाइल चार्जिंगपुरते. दीड हजार वॅटचा रॉड साडेसहा अँपिअर ओढतो. एमसीबी पडतो, अख्ख्या मजल्याचे दिवे जातात आणि गीझरही. रॉड सापडला तर तो रिसेप्शनवर राहील, जाताना परत मिळेल.

मुंबई-पुण्याहून रात्रीच्या गाडीनं किंवा ट्रॅव्हल्सनं सकाळी उतरणाऱ्यांसाठी. चेक-इन १२ला आहे, सामान मात्र केव्हाही ठेवा, त्याचे पैसे नाहीत. सातला आलात तर आधी चणा-तर्री घातलेले पोहे खाऊन या. दहाला बाथरूम मोकळी असते आणि पाणी तापलेलं.

कपड्यांचं थोडक्यात. रात्री पारा दहा-बारापर्यंत उतरतो, कधी त्याहून खाली. २९ डिसेंबर २०१८ला तो ३.५ अंशांवर गेला होता. दुपारी मात्र २७-२८ अंश असतात आणि स्वेटर कमरेला बांधावा लागतो. म्हणून एक जाड जॅकेट आणण्यापेक्षा दोन पातळ थर आणा. प्रत्येक बेडला एक ब्लँकेट आहे, दुसरं मागितलं तर मिळतं. लॉकरचं कुलूप स्वतःचं आणा.

फिरण्याची आखणी करताना सोमवार टाळा, अजब बंगला (इथलं जुनं संग्रहालय) त्या दिवशी बंद असतो. सीताबर्डीचा किल्ला लष्कराकडे आहे आणि २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट एवढ्याच दिवशी लोकांना उघडतात. रोज कुणी ना कुणी फाटकावरून परत येतं. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन असलं की सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते मोर्चे आणि बंदोबस्तानं अडतात. तेव्हा रिक्षापेक्षा मेट्रो बरी, दोन्ही मार्गिका सीताबर्डीला मिळतात. त्याच आठवड्यांत शहरातल्या खोल्या भरलेल्या असतात. आम्ही दर वाढवत नाही, त्यामुळे आमचे बेड लवकर जातात. सहा किंवा आठ जण असाल तर सगळ्यांचं बुकिंग एकाच नावानं करा, म्हणजे पूर्ण खोली तुमची. वेगवेगळ्या फोनवरून केलंत तर बेड तीन खोल्यांत विखुरतात, आणि एकदा दिलेला बेड आम्ही दुसऱ्या पाहुण्याला उठवून बदलत नाही.

चेक-आउट १०ला आहे. रात्रीची गाडी असेल तर सामान आमच्याकडे राहू द्या आणि पाचनंतर येऊन सोलरच्या पाण्यानं आंघोळ करून निघा. टॉवेल रिसेप्शनवर मागा, त्याचेही पैसे नाहीत.