फोनला शनी सापडतो, फ्रीजची खाच सापडत नाही

मागच्या दिवाळीच्या आधी घरी नवीन फ्रीज घ्यायचं चाललं होतं. ओट्याच्या शेजारी जी खाच आहे त्यात तो बसेल का, यावर आईचा आणि माझा वाद. टेप नेहमीप्रमाणे कोणीतरी नेलेली, मग मी ऐटीत फोन काढला, मोजमापाचं एक एआर ॲप उघडलं, या भिंतीवर टिचकी, त्या भिंतीवर टिचकी, उत्तर 68 सेंटिमीटर. खात्री म्हणून परत मोजलं तर 71. तिसऱ्या वेळी ॲप म्हणालं फोन हळूहळू हलवा, आणि मग ते तेवढंच म्हणत बसलं.

त्याच रात्री गच्चीवर भाचीला तारे दाखवायला स्काय मॅप लावलं, फोन एका पिवळसर ठिपक्याकडे धरला तर पहिल्या फटक्यात नाव आलं, शनी. शंभर कोटी किलोमीटरच्या पलीकडचा शनी बरोबर आणि दोन फुटांवरची खाच चुकीची, हे काय गौडबंगाल आहे? तर एआरची सगळी गोम यातच आहे.

एआर म्हणजे ऑगमेंटेड रिॲलिटी, कॅमेऱ्यात दिसणाऱ्या खऱ्या दृश्यावर फोनने आपलं काहीतरी चिकटवायचं. हा शब्द 1990 च्या सुमारास विमानं बनवणाऱ्या बोइंगमध्ये रुळला, टॉम कॉडेल नावाच्या संशोधकामुळे. कामगारांना कुठली वायर कुठून न्यायची ते चष्म्यातच दिसावं अशी कल्पना होती. चित्र काढणं फोनला सोपंच आहे, गेममध्ये तो दिवसभर तेच करतो. अवघड असतं ते स्वतः कुठे आहोत आणि तोंड कुठे आहे हे कळणं. आणि गंमत म्हणजे बघायची वस्तू जितकी लांब तितकं हे काम सोपं.

ताऱ्यांचंच बघा. गच्चीच्या या टोकाला उभे राहा नाहीतर त्या टोकाला, शनीला काय फरक पडतो? फोनला फक्त तारीख-वेळ, ढोबळ ठिकाण आणि आपण किती अंशात वळलोय एवढंच लागतं. वरखाली कळतं ॲक्सेलेरोमीटर या वेगातला बदल टिपणाऱ्या चिपवरून, उत्तर दिशा होकायंत्राच्या चिपवरून, बाकी नुसतं गणित. कॅमेरा तर लागतच नाही, म्हणून 2009 मध्ये, म्हणजे आजच्या मानाने खेळण्यातल्या फोनवर, स्काय मॅप आलं आणि चाललं. भाचीला सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर फोन जमिनीकडे केला की पायाखाली सूर्य दिसतो! रात्री सूर्य खरंच तिकडेच असतो, पण ते असं बघितल्यावर एकदम पटतं. नावं मात्र ओरायन, सिरियस अशी येतात, त्यांचे मृग आणि व्याध आपले आपणच करून सांगायचे. आणि यात लाल रंगाचा नाइट मोड असतो तो लावाच, कारण अंधाराला डोळे पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या स्क्रीनने ती मेहनत एका सेकंदात वाया जाते, लाल उजेडाने फारशी जात नाही.

आता थोडं जवळ या. सिंहगडावर पिठलं-भाकरी खाऊन झाली की समोर बोट करून "तो तोरणा, तो राजगड" असं छातीठोक सांगणारा एक तरी काका असतोच, त्याची परीक्षा घ्यायला पीकफाइंडर हे भारी ॲप आहे. विकतचं आहे पण नेटशिवाय चालतं, गडावर तेच पाहिजे. जमिनीच्या उंचसखलपणाचा डेटा फोनमध्ये असतो, आपण उभे आहोत तिथून क्षितिज कसं दिसेल ते ॲप हिशोबाने काढतं आणि ती रेघ कॅमेऱ्यातल्या डोंगरांवर ठेवतं, शिखरांच्या नावांसकट. पंधरावीस मीटर इकडेतिकडे झालं तरी चालतं. दिशा चुकली तर मात्र पंचाईत, कारण सिंहगडापासून राजगड सरळ रेषेत साधारण 15 किलोमीटर, होकायंत्र 10 अंशांनी चुकलं की नाव गडापासून अडीच किलोमीटर बाजूला जाऊन पडतं. आणि ते चुकतं हो, फोनच्या कव्हरमधलं लोहचुंबक पुरतं, शिवाय आपला सह्याद्री बेसॉल्टचा, त्या दगडातही थोडं मॅग्नेटाइट हे चुंबकी खनिज असतं. मग फोन हवेत इंग्रजी आठसारखा फिरवायचा, नाहीतर सरळ बोटाने रेघ ओढून खऱ्या डोंगरावर बसवायची. मी दुसरंच करतो.

आणखी जवळ म्हणजे शहरातला रस्ता. उंच इमारतींवर आपटून जीपीएसचे सिग्नल फोनपर्यंत येतात, मग निळा ठिपका या गल्लीतून त्या गल्लीत उड्या मारतो. यावर गूगल मॅप्सने 2019 मध्ये लाइव्ह व्ह्यू आणला. कॅमेऱ्यात दिसणाऱ्या इमारती स्ट्रीट व्ह्यूच्या, म्हणजे रस्त्यारस्त्यांवरून काढून ठेवलेल्या, फोटोंशी जुळवायच्या आणि त्यावरून जागा ठरवायची, थोडक्यात माणूस जसा "हां, ते मेडिकल दिसलं म्हणजे इथून डावीकडे" करतो तसंच. अर्थात जिथले फोटो आहेत तिथेच हे चालणार, आणि भारतात स्ट्रीट व्ह्यू नीट सुरू झालं ते 2022 मध्ये, पहिल्या दहा शहरांत मुंबई, पुणे, नाशिक होती.

आणि आता आपली खाच. इथे जीपीएसचा काही उपयोग नाही, त्याची चूकच पाचेक मीटरची. ॲक्सेलेरोमीटरवर भिस्त ठेवावी तर त्यातली चूक वेळेच्या वर्गाने वाढते, 0.05 मीटर प्रति सेकंद वर्ग एवढीशी गफलत दहा सेकंदांत अडीच मीटर होते, म्हणजे फोन ओट्याजवळ आणि त्याला वाटतंय आपण हॉलमध्ये. म्हणून कॅमेरा मदतीला घेतात. एसटीच्या खिडकीतून विजेचे खांब झपझप मागे जातात आणि लांबचा डोंगर आपल्याबरोबरच चालतो ना, तेच तत्त्व. फोन समोरच्या दृश्यातले कोपरे, डाग, नक्षीचे ठिपके पकडतो आणि फोन हलला की कुठला ठिपका किती सरकला त्यावरून अंतर काढतो. पण एका कॅमेऱ्याला हे कळत नाही की समोर खरी खोली आहे की बाहुलीचं घर, सगळं प्रमाणातच सरकतं. खरं माप मिळतं ॲक्सेलेरोमीटरकडून. म्हणजे दोघेही अर्धवट, एकमेकांच्या चुका सावरत चालतात. ॲपलचं एआरकिट आणि गूगलचं एआरकोअर ही एआर ॲप्स बनवायची साधनं, दोन्ही 2017 मध्ये जाहीर झाली, ती मुख्यतः हेच काम करतात. महागड्या आयफोनमध्ये 2020 पासून लायडार आलाय, तो लेसरचा उजेड जाऊन परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर मोजतो, त्यामुळे त्यांचं बरं चालतं.

आमच्या स्वयंपाकघरात काय झालं असेल ते आता लक्षात आलंच असेल. पांढऱ्या टाइल्स, चकचकीत फरशी, एक मिणमिणता दिवा. पकडायला ठिपकाच नाही, आणि फरशीत जे दिसतं ते दिव्याचं प्रतिबिंब, आपण हललो की तेही हलतं. दिवाणखान्यात सोफा ठेवून दाखवणारी फर्निचरची ॲप्सही याच कारणाने कधीकधी सोफा हवेत तरंगत ठेवतात.

करमणुकीबद्दल थोडक्यात. 2016 मध्ये पोकेमॉन गोने जगाला वेड लावलं खरं, पण खेळणारे बरेच जण बॅटरी वाचवायला कॅमेरा बंद करूनच खेळायचे, एआर राहिलं नावापुरतं. कुत्र्याचे कान लावणारे फिल्टर मात्र अस्सल एआर, चेहऱ्यावर डोळे, नाक, ओठ असे पकडायला ठिपके भरपूर, म्हणून ते इतके घट्ट बसतात.

नवीन फोन घेताना यासाठी जायरोस्कोप (फोन कसा वळतोय ते टिपणारी चिप) आहे का तेवढं बघा, स्वस्तातल्या काही फोनमध्ये तो नसतो आणि मग आकाशसुद्धा थरथरतं.

नंतर मी सगळे दिवे लावले, खाचेसमोर जमिनीवर आणि मागच्या भिंतीला वर्तमानपत्रं लावली (अक्षरं म्हणजे ठिपकेच ठिपके), फोन जागच्या जागी गोल न फिरवता आडवा सरकवला आणि तीनदा मोजलं: 70, 70, 69. फ्रीज आला, खाचेत अगदी बरोबर बसला. दार मात्र अर्धंच उघडतं, ओट्याच्या कडेला लागतं. ते मोजायचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही.