गूळही गोडच: दुधाच्या दातांची कीड

मराठीत आपण ‘दाताला कीड लागली’ म्हणतो. बेळगावात शेजारची कन्नड बोलणारी मावशी ‘हुळुकु हल्लु’ म्हणते, आणि हुळु म्हणजे किडाच. दोन्ही भाषांनी दातात अळी असल्याचं धरून टाकलं. रिंगणीच्या बियांची धुरी देऊन ‘किडे पाडणारे’ याच समजुतीवर जगत आले. ‘किडे’ म्हणून ते वाटीत जे बारीक पांढरे तुकडे दाखवतात, ते बियांतले असतात. दातात अळी नसते, डोळ्यांना न दिसणारे जीवाणू असतात.

त्यांतल्या एका मुख्य जीवाणूचं वर्णन 1924 साली क्लार्क या संशोधकाने केलं आणि त्याला स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स हे नाव दिलं. साखर मिळाली की तो दोन कामं करतो. ती आंबवून आम्ल बनवतो, आणि त्याच साखरेपासून चिकट पदार्थ विणून दाताला घट्ट धरून बसतो. तोंडातला पीएच (आम्लता मोजायचं माप; तो जितका कमी, तितकं आम्ल जास्त) साधारण 5.5 च्या खाली गेला की दातावरच्या कवचातलं कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळू लागतं. पुढच्या अर्ध्या-एक तासात लाळ ते आम्ल निवळवते आणि झीज थोडीफार भरूनही काढते. म्हणून दिवसभरात किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं, हे जास्त महत्त्वाचं. जेवणानंतर कुंदा या दुधाच्या मिठाईची एक वाटी खाल्ली, तर लाळेला सावरायला वेळ मिळतो. दर तासाला एक चॉकलेट चघळलं, तर मिळत नाही.

आपल्याकडे एक गैरसमज खोल रुजलाय, आणि तो मला सगळ्यांत जास्त खुपतो: ‘साखर वाईट, गूळ चांगला.’ उसाच्या या मुलखात गुऱ्हाळावर गेलेल्या पोराच्या हातावर गरम गुळाचा खडा ठेवतातच, घरी पोळीबरोबर काकवी असते, पाहुणे येताना गोकाकचं करदंट, म्हणजे डिंक-गुळाची मिठाई, आणतात. गुळात थोडं लोह आहे, हे खरं. पण त्याचा मोठा भाग सुक्रोजच, म्हणजे साखरेतलाच पदार्थ. जीवाणूला दोन्ही सारखेच. करदंटातला डिंक आणि गूळ तर दातांच्या फटीत चिकटून राहतात.

सगळ्यांत वाईट वेळ रात्रीची. झोपेत लाळ फार कमी सुटते. साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून बाळ झोपलं, तर ते दूध वरच्या पुढच्या दातांभोवती साचून राहतं. खालच्या पुढच्या दातांवर जीभ असते आणि तिथे लाळही जास्त पोचते, म्हणून ते बहुधा वाचतात. दुधाच्या दातांचं कवच पक्क्या दातांपेक्षा पातळ, त्यामुळे कीड लवकर आत शिरते.

हे जीवाणू बाळाकडे येतात कुठून? बरेचदा आईकडून, किंवा घास चावून भरवणाऱ्या आजीकडून, लाळेवाटे. पण म्हणून बाळाचे मुके घेणं सोडायला नको. त्यापेक्षा आईने गरोदरपणातच स्वतःचे किडलेले दात दाखवून घ्यावेत.

‘पडणारेच दात, कशाला खर्च?’ असं बरेच जण म्हणतात. पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायच्या असतात. दुखऱ्या दाढेने पोर धड जेवत नाही, रात्री झोपत नाही. दाढ वेळेआधी काढावी लागली, तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि पक्क्या दाताला वाट उरत नाही.

पहिला दात दिसला की फ्लोराइडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी घेऊन सकाळी आणि रात्री दात घासावेत. तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी. निपाणीकडे काही घरांत अजून मिश्री लावतात. ती तंबाखूच आहे, लहान मुलाच्या तोंडाजवळही नको.

महिन्यातून एकदा उजेडात बाळाचा वरचा ओठ उचलून पाहा. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली, तर ती किडीची सुरुवात असू शकते. या टप्प्यावर रात्रीचं गोड दूध थांबवलं आणि दंतवैद्याकडून फ्लोराइड लावून घेतलं, तर कीड थांबू शकते, दात पुन्हा कठीण होऊ शकतो. खड्डा पडल्यावर मात्र तो आपोआप भरत नाही.