परवान्याचं पिस्तूल आणि रस्त्यावरची नाकाबंदी: कागद कोणते, बोलायचं काय

नाकाबंदीत गाडी थांबली की हात आपोआप डॅशबोर्डच्या कप्प्याकडे जातो. आरसी तिथं, विमा तिथं, पीयूसी तिथं. आणि नेमकं त्याच कप्प्यात पिस्तूल असेल तर? माझं एकदा असं झालंय. रात्रीची वेळ, हवालदारानं काचेतून टॉर्च मारलेला. मी आरसीसाठी कप्पा उघडला आणि कागदांच्या आधी होल्स्टरचा, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानाचा, पट्टाच बाहेर लोंबला. हवालदार दोन पावलं मागं सरकला, "हात वर, हात वर" म्हणाला आणि पलीकडच्या दोघांना हाक मारली. परवाना खरा होता, मुदत शिल्लक होती, नंबर जुळत होता. तरी सुटायला पाऊण तास गेला आणि चूक माझीच होती. तेव्हापासून गाडीचे कागद एकीकडे, हत्यार दुसरीकडे.

शस्त्र परवान्याची माहिती शोधणारे बहुतेक जण "कसा मिळवायचा" इथंच थांबतात. मिळाल्यावर तो अंगावर घेऊन फिरताना काय, हे फारसं कुणी सांगत नाही. इथं दोन्ही सांगतो. मिळवण्याचं थोडक्यात, फिरण्याचं जरा सविस्तर.

परवाना कुणाला मिळतो

सगळा कारभार चालतो शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांवर. वय २१ पूर्ण हवं. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली असेल तर शिक्षा संपल्यापासून पाच वर्षं परवाना नाही. चॅप्टर केसमध्ये, म्हणजे पोलिसांच्या प्रतिबंधक कारवाईत, शांतता राखण्याचा बाँड लिहून दिला असेल तर त्या बाँडची मुदत संपेपर्यंत नाही. मानसिक अस्वास्थ्य असेल तरी नाही. याशिवाय सार्वजनिक शांततेला बाधा येईल असं वाटलं तर परवाना प्राधिकारी नकार देऊ शकतो.

एक गैरसमज मात्र काढून टाका. "शेती किती, बंगला किती, त्यावर परवाना मिळतो" असं गावोगाव ऐकायला मिळतं. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, हे कलम १४ मध्ये स्पष्ट लिहिलंय. नकार दिला तर कारणं लेखी नोंदवावी लागतात आणि कलम १८ खाली त्यावर अपील करता येतं. शेवटी कस लागतो तो "कशासाठी हवंय" या प्रश्नावर. जिवाला धोका म्हणता तर तो कागदावर दिसला पाहिजे: पूर्वीची तक्रार, धमकीचा गुन्हा, रोकड नेण्याआणण्याचा व्यवसाय. "प्रतिष्ठेसाठी" हे कारण कुणी लिहीत नाही, पण अर्ज वाचणाऱ्याला ते ओळींमधून दिसतंच.

अर्ज कुठं आणि कशासोबत

मुंबई, पुणे, ठाणे, नागपूर, नाशिक अशा आयुक्तालयांच्या हद्दीत पोलीस आयुक्तांकडे. बाकी जिल्ह्यांत जिल्हादंडाधिकारी म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडे. अर्जाचा नमुना आहे ए-१. सोबत पासपोर्ट आकाराचे फोटो, जन्मतारखेचा पुरावा, आधार, राहत्या पत्त्याचा पुरावा आणि शस्त्र घरात सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र. वैद्यकीय प्रमाणपत्र एस-३ नमुन्यात लागतं. त्यात प्रकृती आणि मानसिक स्वास्थ्यासोबत तुम्ही दारू किंवा अमली पदार्थांच्या आहारी नाही असंही डॉक्टरांनी लिहून द्यायचं असतं. हा कागद लोक फार हलक्यात घेतात. पुढं नाकाबंदीत तोंडाला वास आला की तोच आठवतो. काही कार्यालयं मिळकतीची विवरणपत्रं वगैरे जादा कागद मागतात, म्हणून आधी खिडकीवर विचारून यादी लिहून आणलेली बरी.

मग फाइल तुमच्या पोलीस ठाण्याकडे चौकशीला जाते. बीट अंमलदार घरी येतो, शेजारीपाजारी विचारतो. अहवाल ठरलेल्या मुदतीत आलाच नाही, तर प्राधिकारी त्याची वाट न पाहता निर्णय घेऊ शकतो. कायद्यात तशी सोय आहे, व्यवहारात अहवालाशिवाय फाइल क्वचितच हलते.

मंजूर झालेल्या परवान्यावर यूआयएन हा एकमेव ओळख क्रमांक असतो, तो देशभराच्या शस्त्र परवान्यांच्या नोंदवहीतला. वडिलांच्या काळातलं जुनं पुस्तक असेल आणि त्यावर हा क्रमांक नसेल तर ते घेऊन रस्त्यावर येऊच नका. क्रमांक चढवून घ्यायच्या मुदती कधीच संपल्या. २०१९ च्या दुरुस्तीनं दोन गोष्टी बदलल्या: परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली आणि एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात. वारसानं आलेलंही त्या दोनातच मोजतात.

परवाना हातात आला की तो वाचा

हसू नका. परवाना असलेल्या निम्म्या लोकांनी स्वतःचं पुस्तक पहिल्या पानापलीकडे उलटलेलं नसतं, असं माझं मत आहे. त्यात शस्त्राचा प्रकार, बोअर (नळीच्या आतला व्यास), सीरियल नंबर, काडतुसांची मर्यादा, मुदत आणि सगळ्यात महत्त्वाचं, क्षेत्र लिहिलेलं असतं. क्षेत्र "जिल्हा" असेल तर जिल्हा, "महाराष्ट्र राज्य" असेल तर राज्य. कोल्हापूरहून बेळगावला निघालात, कागल मागं पडलं, कोगनोळी नाका आला की तुमचा राज्यापुरता परवाना संपला. पाहुण्यांच्या लग्नाला निघालोय, मधे रात्र होईल, ही सबब तिथं चालत नाही. राज्याबाहेर न्यायचं तर क्षेत्र वाढवून घ्या किंवा त्या प्रवासापुरती परवानगी आधी काढा.

कोकणात ठासणीची बंदूक पीक संरक्षणासाठी दिलेली असते. ती ठरावीक हद्दीतल्या शेतापुरती असते. रानडुकरांसाठी मिळालेली बंदूक रात्री मोटारसायकलवर आडवी टाकून तिसऱ्या गावाला नेली, तर पोलीस शिकारीचाच संशय घेणार, आणि त्यात त्यांची चूक नाही.

अभयारण्याचं वेगळं प्रकरण. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ३१ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय अभयारण्यात हत्यारासह जाता येत नाही. राष्ट्रीय उद्यानालाही हेच लागू आहे. राधानगरीवरून दाजीपूरमार्गे फोंडा घाट उतरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. वनविभागाच्या तपासणी नाक्यावर "माझ्याकडे पोलीस आयुक्तांचा परवाना आहे" म्हणून सुटका होत नाही.

अंगावर घेऊन निघताना

शस्त्र नियम २०१६ मधला नियम ३२ पाठ असायला हवा. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर न्यायचं ते होल्स्टरमध्ये, अंगाला लावून, किंवा तशाच बनावटीच्या पिशवीत. लांब बंदूक तिच्या खोळीत. शस्त्र पूर्ण झाकलेलं हवं आणि ते तुमच्या ताब्यात, तुमच्या नियंत्रणात हवं. उघडं मिरवणं, रोखून दाखवणं, हवेत बार काढणं या सगळ्याला मनाई. लग्नाच्या वरातीत बार काढून कुणाच्या जिवाला धोका केला तर २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे माझं ते डॅशबोर्डच्या कप्प्यातलं पिस्तूल नियमाच्या दृष्टीनंही भलत्या जागीच होतं.

जत्रा, धार्मिक मिरवणूक, सभा, शाळा-कॉलेजचं आवार इथं शस्त्र न्यायचं नाही, ही परवान्याचीच अट असते. अट मोडली तर कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दंडाचा आकडा पाहून निर्धास्त होऊ नका, खरी भीती परवाना रद्द होण्याची.

मग लोक काय करतात? देवळात जाताना पिस्तूल ड्रायव्हरच्या हातात देतात. "तू बस गाडीत, येतोच मी." हे सगळ्यात वाईट. तुमच्या सोबत असताना, किंवा तुमच्या लेखी अधिकारपत्रावर, दुरुस्तीसाठी, नूतनीकरणासाठी किंवा तुमच्या वापरासाठी दुसऱ्यानं शस्त्र नेलं तर कायदा चालवून घेतो. तुम्ही गाभाऱ्यात आणि तो पार्किंगमध्ये, हे त्यात बसत नाही. त्या दिवशी हत्यार घरी कुलपात ठेवून निघा.

सणासुदीच्या दिवसांत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात. लाठ्याकाठ्यांपासून बंदुकांपर्यंत सगळं त्यात येतं. गणपती, मोहरम, एखादा मोर्चा असला की आदेशाची बातमी वाचून, त्यात परवानाधारकांना सूट आहे का ते पाहूनच बाहेर पडा. निवडणूक लागली की प्रत्येक जिल्ह्यात छाननी समिती बसते आणि कुणी शस्त्र जमा करायचं ते ठरवते. नोटीस आली तर पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा आणि पावती घ्या.

गाडी थांबवली, आता?

पोलिसांना हे अधिकार कुठून, ते आधी सांगतो. शस्त्र अधिनियमाचं कलम १९: शस्त्र बाळगणाऱ्याकडे कोणताही पोलीस अधिकारी परवाना मागू शकतो. पांढऱ्या शर्टातला वाहतूक हवालदारही पोलीसच. "तुम्ही ट्रॅफिकचे, तुम्हाला काय अधिकार" हा वाद घालू नका. कलम २३ खाली वाहन थांबवून शस्त्रासाठी झडतीही घेता येते.

शस्त्र आहे हे न विचारता सांगितलंच पाहिजे, असं कलम १९ म्हणत नाही. मागितल्यावर परवाना दाखवायचा, एवढंच. तरीही माझा सल्ला: फक्त चलन फाडून सोडणार असतील तर विषय काढायची गरज नाही. पण खाली उतरायला सांगितलं, झडती होणार असं दिसलं, किंवा कागद काढताना हात हत्याराजवळून जाणार असेल, तर आधी सांगा.

गाडी कडेला, इंजिन बंद, रात्र असेल तर आतला दिवा लावा, काच खाली. दोन्ही हात स्टिअरिंगवर. आणि मग साध्या आवाजात: "साहेब, माझ्याकडे परवान्याचं पिस्तूल आहे, उजव्या कंबरेला. परवाना शर्टच्या खिशात आहे. काढू का?" एवढंच. "काढा" म्हटल्यावर परवाना काढायचा, पिस्तूल नव्हे. वाक्यात "परवान्याचं" हा शब्द "पिस्तूल"च्या आधी आला पाहिजे, ही बारीक गोष्ट आहे पण फरक पडतो. हाताची हालचाल होण्याआधी तोंड उघडलं पाहिजे, हीही तितकीच महत्त्वाची.

हत्यार तपासायचंच म्हणाले तर विचारा, "मी काढू की तुम्ही काढताय?" स्वतः काढायला सांगितलं तर दोन बोटांनी मुठीला धरून, नळी जमिनीकडे, बोट ट्रिगरपासून लांब. रस्त्यावर उभं राहून मॅगझिन काढणं, स्लाइड ओढणं हे सांगितल्याशिवाय करू नका. ते सीरियल नंबर पाहतील, राउंड मोजतील, परवान्याशी ताडतील. पाच-दहा मिनिटांचं काम. सोबतच्यांनाही आधीच सांगून ठेवा; मागच्या सीटवरून "अहो, हे कोण आहेत माहीत आहे का" असं कुणी ओरडलं की ती दहा मिनिटं तासाभराची होतात.

परवाना मूळ प्रतच हवी. आरसी आणि लायसन डिजिलॉकरमध्ये दाखवता येतं, ती सोय मोटार वाहनांच्या कागदांसाठी आहे. शस्त्र परवान्याचा मोबाइलमधला फोटो म्हणजे कलम १९ ची पूर्तता नव्हे. आणि प्यायलेले असाल तर हे वरचं सगळं फुकट. रक्तात १०० मिलिलीटरला ३० मिलिग्रॅमच्या वर दारू सापडली की मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ लागतं, आणि कंबरेला पिस्तूल असेल तर तो अहवाल परवाना शाखेत जाणार हे धरून चाला.

परवाना घरी राहिला तर

नाव, पत्ता खरा सांगा. परवाना दाखवता आला नाही तर अधिकारी नाव-पत्ता विचारू शकतो आणि गरज वाटल्यास शस्त्र जप्त करू शकतो. नाव सांगायला नकार दिला, खोटं सांगताय किंवा पळाल असा संशय आला, तर वॉरंटशिवाय अटक. जप्ती झाली तर पंचनाम्यात सीरियल नंबर आणि काडतुसांची संख्या बरोबर लिहिली आहे का ते सही करण्याआधी वाचा, प्रत मागा, आणि मूळ परवाना घेऊन दुसऱ्याच दिवशी ठाण्यात हजर व्हा.

मुदत संपलेल्या परवान्याचं मात्र असं हातापाया पडून निभत नाही. मुदत संपली की शस्त्र विनापरवाना झालं, आणि विनापरवाना अग्निशस्त्राला किमान दोन, कमाल पाच वर्षं शिक्षा आहे. नूतनीकरणाचा अर्ज मी मुदतीच्या तीन महिने आधी टाकतो. पोच पावती परवान्याच्या पुस्तकातच घडी करून ठेवतो. आणि तारीख उलटली नि नूतनीकरण हातात नसेल, तर शस्त्र कपाटातही न ठेवता ठाण्यात नाहीतर विक्रेत्याकडे जमा करतो.