पुढची तारीख कोणी ठरवायची?

बेळगाव जिल्ह्यात, खानापूर-निपाणीकडे समुपदेशनाचा विषय निघाला की एक समज हमखास ऐकायला मिळतो: हा दहा सिटिंगचा कोर्स असतो, मध्ये खाडा पडला की सगळं फुकट. टीबीच्या गोळ्या मध्येच सोडणं खरोखर घातक आहे. मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेल्या गोळ्याही आपल्या मनाने बंद करू नयेत. बोलण्याच्या उपचाराचं गणित मात्र वेगळं आहे.

१९८६ मध्ये अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ केनेथ हॉवर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुने अभ्यास एकत्र करून मांडलं, की साधारण ८ बैठकांपर्यंत निम्म्या पेशंटना फरक पडतो आणि २६ पर्यंत सुमारे ७५ टक्क्यांना. तेव्हापासून बैठकीला ‘डोस’ समजायची पद्धत पडली. पुढे मायकेल बार्कहॅम, विल्यम स्टाइल्स यांच्यासारख्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या नोंदी तपासल्या, तर जास्त बैठका घेतलेल्यांत सुधारणेचं प्रमाणही जास्त, असं काही दिसलं नाही. पुरेसं बरं वाटलं की माणसं थांबतात. कुणाला तसं लवकर वाटतं, कुणाला उशिरा.

असं का होतं, याचं मला सर्वांत पटलेलं उत्तर अमेरिकेतले संशोधक विल्यम पॉवर्स यांचं आहे. त्यांनी ते १९७३ मध्ये सविस्तर मांडलं.

बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याला निघालेला मोटारसायकलवाला डोळ्यांसमोर आणा. वारा, खड्डा, समोरून आलेला ट्रक, प्रत्येक वेळी त्याचं हँडल वेगळं वळतं. हातांच्या दोन हालचाली सारख्या नसतात. टिकून राहतं ते त्याला दिसणारं एक चित्र: गाडी आपल्या बाजूला आहे. हवं असलेलं चित्र आणि दिसणारं चित्र यांत तफावत पडली की हात हलतो, तफावत मिटली की स्थिरावतो. पॉवर्स यांच्या मते आपलं सगळं वागणं याच धाटणीचं आहे. आपण ताबा ठेवतो तो आपल्याला जे जाणवतं त्यावर. हालचाली त्यासाठी हव्या तशा बदलत राहतात. अशी असंख्य नियंत्रणं आपल्यात थरांवर थर रचलेली असतात आणि काय साधायचं ते वरचा थर खालच्याला सांगतो.

दोन नियंत्रणं एकाच गोष्टीला उलट दिशांना ओढू लागली की गोची होते. पुण्याची नोकरी हवी आहे, आणि आईवडिलांना चिकोडीत एकटं टाकायचं नाही. पुण्याची बॅग भरायला घेतली की दुसरीकडची तफावत वाढते आणि ते नियंत्रण जोर लावतं. गावात थांबायचं ठरवलं की पहिलं उसळतं. म्हणून ‘जा रे बिनधास्त’ असा सल्ला कितीही प्रेमाने दिला तरी उलट बाजूचा ताण वाढतो. सुटका व्हायची तर वरच्या थरात काहीतरी बदलावं लागतं.

हा बदल कसा घडतो? पॉवर्स इथे ई. कोलाय जिवाणूचा दाखला देतात. त्याला अन्नाच्या दिशेने नेमकं वळता येत नाही. आजूबाजूची स्थिती सुधारत असेल तोवर तो सरळ पोहतो. बिघडू लागली की गिरकी घेऊन कुठल्यातरी भलत्याच दिशेला तोंड करतो आणि पुन्हा पोहू लागतो. इतक्या आंधळ्या रीतीनेही तो अन्नापाशी पोचतो. तफावत मिटेनाशी झाली की आपल्या आतली नियंत्रणंही अशीच, ठरावीक दिशेशिवाय बदलून पाहिली जातात. याला पॉवर्स पुनर्रचना म्हणतात. ती बैठकीत बोलता बोलता होईल, दोन दिवसांनी शेताच्या बांधावर होईल, नाहीतर महिन्याने. तिची तारीख समुपदेशकालाही आगाऊ सांगता येत नाही. पुन्हा बोलायची गरज कधी आहे, हे सर्वांत आधी कळतं ते ज्याच्या आत ओढाताण चालू आहे त्याला.

पॉवर्स यांच्या याच सिद्धांतावर काम करणारे मानसशास्त्रज्ञ टिमथी केरी यांनी स्कॉटलंडच्या फाइफ भागात वेळापत्रकच पेशंटच्या हाती दिलं. मोकळ्या वेळा खुल्या ठेवायच्या आणि पेशंटने हव्या तेव्हा, हव्या तितक्या घ्यायच्या. बहुतेकांनी मोजक्याच वेळा घेतल्या आणि चुकलेल्या भेटींचं प्रमाण कमी राहिलं. पुढे ऑस्ट्रेलियाच्या दुर्गम मध्य भागातही त्यांनी हीच पद्धत वापरली. हे पुरावे मुख्यतः रोजच्या दवाखान्यांतले आहेत, मोठ्या तुलनात्मक चाचण्यांतले नव्हेत. तेव्हा ‘२१ दिवसांत चिंतामुक्ती’ विकणाऱ्या ॲपवाल्यांनी याचा झेंडा नाचवू नये. आणि देवऋषी ‘पाच अमावास्या वारी करा’ सांगतो, त्याला तर कसलाच आधार नाही. चंद्राच्या कलेने मनाची गाठ सुटत नाही. त्या पाच महिन्यांत आजार मात्र बळावू शकतो.

आपल्याकडे कर्नाटकाच्या ‘मनोचैतन्य’ कार्यक्रमात मानसोपचारतज्ज्ञ मंगळवारी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात येतात. गोळ्यांसाठी ही सोय मोलाची आहे आणि ती तशीच राहावी. पण निपाणीत विड्या वळणाऱ्या बाईला मजुरी मिळते ती हजार विड्यांमागे. मंगळवारची सकाळ बस आणि रांगेत गेली की त्या दिवसाचे पैसे बुडाले. ती आली नाही की केसपेपरवर ‘गैरहजर’ एवढंच उरतं. ऊसतोडीच्या हंगामात आणि खानापूरच्या पावसात हीच गत.

बोलण्याच्या भेटीची वेळ पेशंटलाच निवडू द्यायला मोठा खर्च लागत नाही. समुपदेशकाच्या आठवड्यातल्या मोकळ्या वेळांची एक वही, फोन उचलणारं एक माणूस आणि संध्याकाळच्या एक-दोन वेळा, एवढ्यावर सुरुवात होते. मराठीत बोलणारे समुपदेशक कधी असतात तेही त्याच वहीत लिहिलेलं हवं, कारण मनातली ओढाताण मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये सांगता येत नाही. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर मात्र कुठल्याच तारखेची वाट पाहायची नाही: १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, मोफत क्रमांकावर रात्री-अपरात्रीही फोन करता येतो.