राजकीय वास्तववाद आणि अनुभवाधिष्ठित पद्धती

राजकीय वास्तववाद म्हणजे राज्य कसे असावे हे सांगण्याआधी ते प्रत्यक्षात कसे चालते हे पाहावे, असा आग्रह धरणारी राजकीय विचारातील परंपरा. वास्तववाद्यांनी निरीक्षणाला मान मिळवून दिला. पण मोजक्या दाखल्यांवरून सर्वसाधारण नियम कधी काढता येतो, हे कोडे त्यांना सुटले नाही. अनुभवाधिष्ठित पद्धती घडल्या त्या मुख्यतः या कोड्यापायी.

यूरोपात या परंपरेचा आरंभ निकोलो मॅकियाव्हेलीपासून मानतात. १४९८ ते १५१२ या काळात तो फ्लॉरेन्सच्या प्रजासत्ताकाच्या सेवेत होता आणि दूत म्हणून अनेक दरबारांत गेला. सेझारे बोर्जा या इटलीतील सत्ताधीशाने आपला रोमान्या प्रांत ताळ्यावर आणण्यासाठी रेमिरो दे ओर्को या निर्दय कारभाऱ्याला पूर्ण अधिकार दिले. काम झाले, पण प्रजा खवळली. तेव्हा डिसेंबर १५०२ मध्ये बोर्जाने त्यालाच ठार करवून त्याचे दोन तुकडे चेसेनाच्या चौकात टाकले. मॅकियाव्हेली त्या वेळी त्याच गावात होता. १५१३ मध्ये लिहिलेल्या ‘द प्रिन्स’मध्ये या कृत्याचा परिणाम तो नोंदवतो: लोकांचे समाधानही झाले आणि ते हबकलेही. कृत्य पापाचे की पुण्याचे, या चर्चेत तो तेथे शिरत नाही.

दाखले निवडण्यात मात्र तो प्राचीन रोमकडे झुकलेला होता. भाडोत्री फौजांऐवजी रोमसारखे नागरी सैन्य हवे, हा त्याचा सिद्धांत. त्यानुसार उभारलेले सैन्य १५१२ मध्ये प्रातो येथे स्पॅनिश फौजेपुढे टिकले नाही. त्याचा मित्र फ्रान्चेस्को ग्विच्चार्दिनी याने नेमके दुखणे ओळखले होते: रोमचा दाखला लागू पडायला शहराची परिस्थितीही रोमसारखीच हवी. पद्धतीविषयीचा हा आक्षेप आजही तितकाच खरा आहे.

मराठीत याच जातीचे निरीक्षण रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त (१७१६ च्या सुमारास) आढळते. वतनदार म्हणजे राज्याचे दायादच (वाटेकरीच), टोपीकरांना (युरोपियनांना) समुद्रकिनारी वखारीला जागा देऊ नये, हे निष्कर्ष दीर्घ कारभारातून आलेले आहेत.

दाखल्यांकडून मोजणीकडे वळण्याचा चांगला नमुना म्हणजे जॉन ग्रॉंट याचे १६६२ चे लंडनविषयीचे पुस्तक. शहरात कैक दशलक्ष माणसे असल्याचे बोलले जाई. ग्रॉंटने वर्षाचे सुमारे १२,००० जन्म धरले. बाळंतपण दोन वर्षांतून एकदा, म्हणून मुले होण्याच्या वयाच्या २४,००० विवाहिता. एकूण कुटुंबे त्याच्या दुप्पट, म्हणजे ४८,०००. कुटुंबात ८ माणसे, म्हणून लोकसंख्या ३,८४,०००. मग त्याने पडताळा घेतला: ११ कुटुंबांमागे वर्षाला ३ मृत्यू आणि एकूण मृत्यू १३,०००, तेव्हाही कुटुंबे ४८,००० च्या आसपासच येतात. कच्चा दुवा ‘८ माणसे’ हा आहे. नवरा-बायको, तीन मुले आणि तीन नोकर किंवा भाडेकरू हा त्याचा अंदाज होता. पण प्रत्येक पायरी उघड असल्याने चूक कोठे असू शकते ते वाचकाला दिसते, आणि आमच्या मते या पद्धतीचे खरे बळ तेच आहे. विल्यम पेटी याने पुढे ‘राजकीय अंकगणित’ या नावाने हीच रीत राज्याची संपत्ती मोजायला वापरली.

विसाव्या शतकात चार्ल्स मेरियम आणि हॅरल्ड गॉस्नेल यांनी शिकागोत १९२३ च्या महापौर निवडणुकीत मतदान न केलेल्या सुमारे ६,००० लोकांच्या मुलाखती घेतल्या. १९२४ मध्ये गॉस्नेलने काही मतदारांना आठवणपत्रे पाठवली, काहींना पाठवली नाहीत, आणि दोन्ही गटांची तुलना केली. गट सोडतीने पाडलेले नसल्याने निष्कर्ष थोडा लंगडा राहिला.

नमुना मोठा म्हणजे विश्वासार्ह, हा समज १९३६ मध्ये कोसळला. ‘लिटररी डायजेस्ट’ या अमेरिकन साप्ताहिकाने अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी कौल घेण्यासाठी सुमारे एक कोटी पत्रिका पाठवल्या, तेवीस लाखांहून अधिक परत आल्या आणि लँडन जिंकणार असे जाहीर झाले, प्रत्यक्षात रूझवेल्टला जवळपास ६१ टक्के मते पडली. नावे टेलिफोन व मोटारींच्या याद्यांतून घेतलेली, म्हणजे सुस्थितीतल्यांची. शिवाय उत्तर कोणी द्यायचे हे ज्याच्या त्याच्या उत्साहावर सोडलेले.

भारतात दिल्लीच्या विकसनशील समाज अध्ययन केंद्राने १९६७ पासून राष्ट्रीय निवडणूक अभ्यास केले. त्याच्या ‘लोकनीती’ उपक्रमाची धुरा पुण्याचे राज्यशास्त्रज्ञ सुहास पळशीकर यांनीही वाहिली. तेथे आधी मतदारसंघ, मग मतदान केंद्रे आणि शेवटी मतदार यादीतून ठरावीक अंतराने नावे निवडतात. मत गुप्त राहावे म्हणून उत्तरदाता नकली मतपत्रिकेवर खूण करून ती पेटीत टाकतो. यादीतला माणूस कामासाठी परगावी असेल आणि पाहणी करणाऱ्याने सोयीने शेजाऱ्याला विचारले, तर नमुना बिघडतो. पण मतांची टक्केवारी बरोबर आली तरी जागांचा अंदाज चुकू शकतो, कारण चुरशीच्या मतदारसंघांत एक-दोन टक्क्यांनी निकाल फिरतो.